पेढीचा शब्द आणि त्याची तपासणी

मराठी भाषेत ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार ज्या प्रसंगावरून रूढ झाला, तो प्रसंग ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात घडला. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असा जो लेखी हुकूम होता, त्यातील ‘ध’ पुसून त्या जागी ‘मा’ घालण्यात आला आणि ‘धरावे’ याचे ‘मारावे’ झाले, अशी परंपरागत कथा आहे. कथेत इतिहास किती व आख्यायिका किती याचा निवाडा इतिहाससंशोधकांनी करावा. परंतु मराठी माणसाने ती अडीचशे वर्षे उराशी का धरून ठेवली, हे समजणे कठीण नाही. लिहिलेले अक्षर हे नुसते शाईचे चिन्ह नसून पुढे घडणाऱ्या कृतीचे ते बीज असते, हे सत्य त्या कथेत एका अक्षरात सामावले आहे. त्या प्रसंगी अक्षर बुद्ध्या बदलले गेले असे म्हणतात. परंतु जे अनर्थ कपटाने होतात तेच गाफीलपणानेही होऊ शकतात, आणि गाफीलपणा हा कपटापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळतो.

सांप्रत व्यापाराचा शब्द कागदावरून निघून पडद्यावर गेला आहे. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत जगातील पहिले संकेतस्थळ उभे केले. त्यानंतर तीन-साडेतीन दशकांत अशी अवस्था आली की, मोठ्या बँकेपासून गल्लीतील मसाल्याच्या दुकानापर्यंत प्रत्येकाची एक अदृश्य गादी या जाळ्यात मांडलेली असते. दुकानाच्या खऱ्या गादीवर आणि या अदृश्य गादीवर एक मूलभूत फरक आहे. खऱ्या गादीवर दुकानदार स्वतः बसलेला असतो. पाटीवरचा मजकूर अपुरा असला तरी गिऱ्हाईक विचारते, “अहो, हा भाव किलोचा की अर्ध्या किलोचा?” आणि दुकानदार तत्काळ खुलासा करतो. संकेतस्थळावर विचारणाराही एकटा असतो आणि उत्तर देणारे असते केवळ तेथे लिहिलेले वाक्य. मालक झोपलेला असताना, गावाला गेलेला असताना, किंबहुना त्याच्या पश्चातही ते वाक्य त्याच्या नावाने बोलत राहते. अशा वाक्यावर बाहेर पाठविण्यापूर्वी दुसऱ्यांदा नजर फिरविणे, यालाच मजकुराची तपासणी किंवा संपादन म्हणतात. ही गोष्ट अत्यंत साधी आहे, आणि म्हणूनच ती बहुधा राहून जाते.

उदाहरणादाखल कोकणातील एखादा आंबा-बागाइतदार घेऊ. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूस आंब्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर आपला माल दलालाशिवाय थेट घरोघर पोहोचवावा अशी उमेद अनेक बागाइतदारांत आली तर त्यात नवल नाही. या गृहस्थाने मुलाकडून अथवा भाच्याकडून एक संकेतस्थळ सिद्ध करून घेतले आणि त्यावर तीन वाक्ये लिहिली: ‘अस्सल हापूसची पेटी अमुक रुपयांस मिळेल. आजपासून दहा टक्के सवलत. पाच हजार रुपयांवरील खरेदीस पोहोच विनामूल्य.’ वाक्ये सुटसुटीत आहेत व व्याकरणातही दोष नाही. तथापि पुण्यामुंबईच्या गृहिणीने ती वाचली म्हणजे काय होते ते पाहावे.

‘पेटी’ हा शब्द बागाइतदाराच्या रोजच्या बोलण्यातला आहे. फळाच्या आकाराप्रमाणे पेटीत चार डझनही मावतात, सहा डझनही मावतात, हे त्याला जन्मापासून ठाऊक आहे. गृहिणीला ते ठाऊक नाही. शेजारच्या घरी आलेल्या पेटीत सहा डझन होते आणि आपल्या पेटीत चारच निघाले, एवढेच तिला दिसते. आणि बागाइतदाराने तिळमात्र लबाडी केलेली नसताना त्याची गणना लबाडांत होते. ‘आजपासून’ हा शब्द लिहिला त्या दिवशी खरा होता. परंतु पानावर तारीख नाही. तेव्हा वाचणारी व्यक्ती ज्या दिवशी वाचील तोच तिचा ‘आज’. वैशाखात लिहिलेला ‘आज’ श्रावणातही ताजाच दिसतो. ‘पाच हजारांवरील’ म्हणजे बरोबर पाच हजारांची खरेदी करणाऱ्याने पोहोचीचे पैसे द्यावयाचे की नाही? लिहिणाऱ्याच्या मनात उत्तर स्पष्ट होते, पण ते मनातच राहिले. फळ पोहोचेल तेव्हा ते कच्चे असेल, पेंढ्यात अढी घालून काही दिवस ठेवावे लागेल, ही सर्वांत अगत्याची सूचना तर लिहिण्याचीच राहून गेली. कारण कोकणात हे कोणी कोणाला सांगत नाही! मग पहिल्याच दिवशी आंबा कापला जातो, तो आंबट लागतो, आणि बागाइतदाराची वर्षाची मेहनत एका वाक्याच्या अभावी वाया जाते.

या उदाहरणावरून हे ध्यानात यावे की, मजकुराची तपासणी म्हणजे केवळ ऱ्हस्वदीर्घाची झडती नव्हे. लिहिणाऱ्याला जे ठाऊक आहे आणि वाचणाऱ्याला जे ठाऊक नाही, त्या दोहोंमधील खाचखळगे भरून काढणे हे तिचे पहिले काम होय. शुद्धलेखन त्याच्या मागून येते. परंतु येते अवश्य.

व्यवहारात शब्दांचीच नव्हे, तर विरामचिन्हांचीही केवढी किंमत मोजावी लागते, याचे एक उदाहरण कॅनडा देशात घडले आहे. २००२ साली रॉजर्स कम्युनिकेशन्स या कंपनीने अलायंट या दूरध्वनी कंपनीशी एक करार केला. आपल्या तारा अलायंटच्या व्यवस्थेतील खांबांवरून नेण्याबद्दल दर खांबामागे वार्षिक भाडे द्यावयाचे, असा तो करार होता. चौदा पानांच्या त्या करारात एक वाक्य होते. त्याचा भावार्थ असा की, करार पहिली पाच वर्षे चालेल, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या मुदतींनी पुढे चालेल, कोणत्याही पक्षाने एक वर्षाची लेखी सूचना देऊन तो रद्द करीपर्यंत. रॉजर्सची समजूत अशी की, पहिली पाच वर्षे तरी करार अढळ आहे. अलायंटने मध्येच तो रद्द करून भाडे वाढविण्याचे ठरविले, आणि वाद दूरसंचाराचे नियमन करणाऱ्या आयोगापुढे गेला. इंग्रजी वाक्यात रद्द करण्याच्या अटीपूर्वी एक स्वल्पविराम होता. इंग्रजीच्या विरामनियमांप्रमाणे त्या स्वल्पविरामामुळे ती अट केवळ नंतरच्या मुदतींना न लागता पहिल्या पाच वर्षांनाही लागते, असा निर्णय २००६ च्या जुलै महिन्यात आयोगाने दिला. एका स्वल्पविरामाने लाखो डॉलरांचा प्रश्न उभा केला!

परंतु या गोष्टीचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून अधिक बोधप्रद आहे. कॅनडात इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही राजभाषा आहेत. ज्या नमुन्यावरून हा करार केला होता, त्याची फ्रेंच प्रतही अस्तित्वात होती, आणि त्या प्रतीत पहिल्या पाच वर्षांविषयी कसलीही संदिग्धता नव्हती. रॉजर्सने ती पुढे केली आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने करारवाक्याचा आपला पूर्वीचा अर्थ फिरविला. म्हणजे एका भाषेत जे वाक्य दुभंगले होते, ते दुसऱ्या भाषेत काळजीपूर्वक लिहिले गेल्यामुळे सांधले गेले. दुसऱ्या भाषेतील प्रत ही केवळ शोभेची वस्तू आहे, असे मानणाऱ्या सर्वांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

नावातील एक अक्षर काय करू शकते हे इंग्लंड व वेल्स या देशांच्या व्यापारी इतिहासात नोंदले गेले आहे. कार्डिफ येथे ‘टेलर अँड सन्स’ या नावाची एक जुनी, घराणेदार अभियांत्रिकी पेढी होती. तिच्याकडे सुमारे अडीचशे माणसे काम करीत. २००९ साली ‘टेलर अँड सन’ नावाची एक निराळीच कंपनी बुडाली. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीने ती नोंद करताना ‘सन’ च्या जागी ‘सन्स’ केले. एका ‘स’काराने धडधाकट पेढी कागदोपत्री दिवाळखोर ठरली! चूक कळताच ती दोनतीन दिवसांत दुरुस्त करण्यात आली. परंतु तोपर्यंत ती माहिती पतनोंदणी करणाऱ्या संस्थांकडे पोहोचली होती. माल पुरविणाऱ्यांनी उधारी बंद केली, गिऱ्हाइके दुरावली, आणि अखेरीस पेढी खरोखरच बुडाली. २०१५ च्या जानेवारीत लंडनच्या उच्च न्यायालयाने त्या कचेरीस जबाबदार धरले. पण निकालाने पेढी परत उभी राहिली नाही. मूळ पानावरील चूक पुसता येते, तिच्या उडालेल्या नकला पुसता येत नाहीत, असा याचा अर्थ. आजच्या काळात संकेतस्थळावरील मजकूर कोण केव्हा उतरवून घेईल, त्याचे छायाचित्र कोण कोणास पाठवील, याचा नेम नाही. ‘चूक झाली तर नंतर सुधारता येईल’ हे वाक्य म्हणूनच अर्धसत्य आहे.

आकड्यांची गोष्ट तर अक्षरांहून नाजूक. शब्दात एखादे अक्षर चुकले तर पुढचे-मागचे शब्द वाचणाऱ्याला सावध करतात. आकडा चुकला तर तो तितक्याच निर्विकार चेहऱ्याने उभा असतो. ८ डिसेंबर २००५ रोजी तोक्यो येथील शेअरबाजारात मिझुहो या दलाली संस्थेला एका कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनांस विकावयाचा होता. कर्मचाऱ्याने ६,१०,००० शेअर प्रत्येकी १ येनास विकावयाचे असे यंत्रात भरले. किंमत विपरीत आहे अशी सूचना पडद्यावर उमटली होती, तीही ओलांडली गेली. बाजाराच्या यंत्रणेतील दोषामुळे सौदा मागे घेता आला नाही, आणि संस्थेस सुमारे ४० अब्ज येनांची ठोकर बसली.

या बाबतीत येथील जुने सावकार आजच्या यंत्रवेत्त्यांहून अधिक सावध होते असे म्हणावे लागते. हुंडीत रक्कम आकड्याने लिहीत, पुन्हा अक्षराने लिहीत, आणि एवढ्यावर न थांबता ‘याचे निमे इतके, त्याची दुप्पट’ असेही लिहीत. रुपये शंभर असतील तर निमे पन्नास, त्याची दुप्पट, म्हणजे शंभर. वाचणाऱ्याला हे पाल्हाळ वाटेल, परंतु एकच गोष्ट तीन वाटांनी सांगितल्यामुळे चुकीला आणि लबाडीला शिरण्यास फट उरत नसे. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्यातही हेच तत्त्व आहे: आकड्यातील व अक्षरातील रक्कम भिन्न असेल तर अक्षरातील रक्कम ग्राह्य धरावी. धनादेशावर आजही ‘अक्षरी रुपये’ लिहावे लागतात ते याच दूरदर्शीपणामुळे. संकेतस्थळावर दर, मुदत व व्याज लिहिणाऱ्याने या हुंडीवाल्यांचे स्मरण ठेवावे. देवनागरीत तर १ व ९ हे आकडे घाईने लिहिले-वाचले असता एकमेकांचा वेष घेतात. तेव्हा येथे सावधगिरी दुप्पटच हवी.

आता प्रत्यक्ष भाषेकडे वळावे. मराठी छापील गद्यात विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यापूर्वीच्या मोडी कागदपत्रांत शब्द सलग लिहीत आणि विरामचिन्हे नसत. वाचणारा कारकून अर्थाच्या आधारे शब्द तोडीत असे. ‘अर्थ कळला म्हणजे झाले’ ही वृत्ती कदाचित तेथून आली असेल. पण ते कागद वाचणारा कारकून तयारीचा असे. संकेतस्थळ वाचणारा कोणीही असू शकतो. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या शुद्धलेखनाच्या चौदा नियमांना १९६२ साली शासनमान्यता मिळाली आणि १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली. एकूण नियम अठरा. ते दोन-तीन पानांत मावतात आणि चार संध्याकाळी अभ्यासिले तर जन्मभर पुरतात.

या नियमांचा व्यापाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची स्मृती म्हणून २४ डिसेंबर हा दिवस ‘ग्राहक दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सवलत जाहीर करणाऱ्याने ‘दि’ दीर्घ केला म्हणजे ‘ग्राहक दीन’ होतो. आणि ग्राहक दीन आहे हे खरे असले तरी दुकानदाराने ते जाहीर करावे असे नाही! ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘र’च्या एका वळणाने गुरुपौर्णिमेची भेट मुदपाकखान्यात जाते. ‘भ’ व ‘म’ यांच्या डोक्यावरील रेषेत चूक झाली तर ‘रकमेचा भरणा करावा’ याचे काय होईल ते श्रोत्यांनीच कल्पावे. आणि ज्यात एकही अक्षर चुकलेले नाही अशा चुकीचे उदाहरण हवे असेल तर ‘शुद्ध गाईचे तूप’ ही जागोजाग आढळणारी पाटी पुरेशी आहे. विक्रेत्याला म्हणावयाचे असते ‘गाईचे शुद्ध तूप’. पाटीवर मात्र शुद्धतेची ग्वाही गाईला मिळते, आणि तुपाविषयी पाटी मौन पाळते.

अशा चुकांवर लोक हसतात व पुढे जातात. त्यात मोठे काय बिघडले, असा आक्षेप येतो. बिघडते ते असे. गिऱ्हाइकाला माल पाहता येत नाही, हाताळता येत नाही, त्याचा वास घेता येत नाही. मालकाचा चेहराही दिसत नाही. त्याच्या हाती परीक्षेसाठी असतो केवळ मजकूर. ज्याने आपल्याच पाटीवर दुसऱ्यांदा नजर टाकली नाही, त्याने मालावर तरी टाकली असेल काय, अशी शंका त्याच्या मनात येते. ती शंका अन्यायाची असू शकेल; परंतु ती बोलून दाखविली जात नाही, म्हणून तिचे निरसनही होत नाही. गिऱ्हाईक तक्रार करीत नाही, ते निघून जाते. आणि का गेले हे मालकाला कधीच कळत नाही.

याहून गंभीर प्रकार भाषांतराचा आहे. अनेक बँका, विमासंस्था व पतपुरवठा करणाऱ्या कंपन्या मूळ मजकूर इंग्रजीत लिहितात आणि मराठी प्रत यंत्राकडून करवून घेतात. यंत्राने केलेले भाषांतर आता पूर्वीइतके हास्यास्पद राहिले नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु धोका नेमका तेथेच आहे. पूर्वीचे भाषांतर वाचताक्षणी संशय येई. आताचे भाषांतर सफाईदार असते, त्यामुळे त्यातील चूक सफाईनेच गळी उतरते. ‘हप्ता चुकल्यास दंड आकारला जाईल’ आणि ‘हप्ता चुकल्यास दंड आकारला जाऊ शकेल’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पण कर्जदाराच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. व्याज ‘दरमहा’ की ‘दरसाल’, मुदत ‘पर्यंत’ की ‘पासून’, ही अंतरे इंग्रजी न जाणणारा शेतकरी किंवा एकटी राहणारी वृद्ध विधवा कोठून ताडून पाहणार? ती मराठी प्रतीवर विश्वास ठेवते आणि संमतीच्या खुणेवर बोट ठेवते. त्या क्षणी न तपासलेले वाक्य हा विनोद राहत नाही. तो एका घराच्या संसाराचा प्रश्न होतो.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. जाळ्यावरील व्यापाराविषयी २०२० साली केंद्र सरकारने नियम केले. मालाचे वर्णन प्रत्यक्ष मालाशी जुळले पाहिजे, आणि तक्रार आल्यापासून ४८ तासांत तिची पोच दिली पाहिजे, असे त्यांत सांगितले आहे. महाराष्ट्रात २०२२ साली दुकानांच्या पाट्या देवनागरी लिपीतील मराठीत असाव्यात, असा कायदा अधिक कडक करण्यात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. परंतु कायदा लिपी देऊ शकतो, दर्जा देऊ शकतो; वाक्य पुन्हा वाचण्याची सवय तो देऊ शकत नाही. ती सवय ज्याची त्याने लावून घ्यावयाची असते.

ही सवय परकी नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणालाच वाहिला आहे. आणि व्यापाराच्या क्षेत्रातच दाखला हवा असेल तर तो मुंबईचे जावजी दादाजी यांचा आहे. बालपणी छापखान्यात खिळे घासण्याचे काम करणाऱ्या या माणसाने १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. हा धर्मादाय उद्योग नव्हता. हा व्यापार होता, आणि नफ्यासाठी केलेला होता. परंतु त्यांनी सुबक टाईप पाडून घेण्यावर जसा पैसा खर्च केला, तसाच व्युत्पन्न शास्त्री पदरी ठेवून ग्रंथ व मुद्रिते तपासून घेण्यावरही केला. पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या देखरेखीखाली १८८६ पासून निघालेली काव्यमाला हे त्याचे फळ. त्याचा परिणाम असा झाला की, निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत, असे समीकरण काशीपासून युरोपातील विद्यापीठांपर्यंत मान्य झाले. शुद्धता हेच त्या पेढीचे भांडवल ठरले, आणि जाहिरातही तीच ठरली.

आता प्रत्यक्ष कृतीचा विचार करावा. लहान दुकानदाराला शास्त्री पदरी ठेवणे शक्य नाही, हे उघड आहे. आणि त्याची आवश्यकताही नाही. काही साधे नियम पाळले तरी पुष्कळ काम होते.

पहिला नियम असा की, लिहिलेला मजकूर त्याच दिवशी प्रसिद्ध करू नये. एक रात्र तो तसाच ठेवावा. लिहिणाऱ्याचे मन, जे लिहिले आहे ते न वाचता, जे लिहावयाचे होते तेच वाचते. त्यामुळे स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. यात बुद्धीचा दोष नाही, दृष्टीचा स्वभावच तसा आहे. रात्र गेली म्हणजे लिहिणारा काही अंशी परका होतो, आणि परक्याला चूक दिसते.

दुसरा नियम, मजकूर मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य वाकडे आहे असे समजावे. एका दमात न संपणारे वाक्य बहुधा दोन वाक्यांचे असते.

तिसरा नियम, मजकूर अशा माणसाकडून वाचवून घ्यावा की ज्याला त्या धंद्यातील काही कळत नाही. आंब्याच्या बागाइतदाराने तो पुण्याच्या मावशीकडून वाचवून घ्यावा, आणि तिला वाचल्यावर काय समजले ते तिच्याच शब्दांत सांगावयास सांगावे. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे न लिहिलेले एक वाक्य होय.

चौथा नियम, सर्व चुका एकाच वाचनात शोधू नयेत. प्रथम केवळ अर्थ पाहावा: जे सांगावयाचे ते सर्व आले काय, अनावश्यक ते गळले काय. दुसऱ्या वाचनात केवळ आकडे, तारखा, नावे व पत्ते मूळ कागदाशी ताडावे. एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने बोट ठेवून पाहावे. तिसऱ्या वाचनात केवळ ऱ्हस्वदीर्घ व विरामचिन्हे पाहावी. ज्या क्रमाने घर झाडतात, म्हणजे प्रथम जळमटे आणि अखेर फरशी, त्याच क्रमाने मजकूर झाडावा. फरशी आधी पुसून मग जळमटे काढणाऱ्याचे श्रम दुप्पट होतात.

पाचवा नियम, ‘आज’, ‘लवकरच’, ‘नुकतेच’ असे शब्द टाळून तारीख लिहावी, आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी सर्व पाने पुन्हा पाहावी. मिटलेल्या सवलती, बदललेले पत्ते, सोडून गेलेल्या माणसांची नावे काढून टाकावी. दुकानात शिळा माल ठेवणारा बदनाम होतो. शिळा मजकूर ठेवणाऱ्याचीही गत निराळी नाही.

छापील पुस्तकाच्या अखेरीस पूर्वी ‘शुद्धिपत्र’ नावाचे एक पान असे. अमुक पृष्ठ, अमुक ओळ, अशुद्ध, शुद्ध, अशी त्यावर यादी असे. ते पान लिहिताना ग्रंथकाराला काहीशी लाज वाटत असे, आणि ती लाजच पुढील ग्रंथ अधिक काळजीने लिहवून घेत असे. संकेतस्थळाला शुद्धिपत्र नसते. चूक गुपचूप दुरुस्त होते, आणि चूक करणाऱ्याला लाज वाटण्याचे कारणच राहत नाही. ही सोय खरी, परंतु या सोयीनेच सावधपणा सैल केला आहे. म्हणून ज्याची चूक ग्राहकाच्या खिशाला लागण्यासारखी असेल, त्याने ती दुरुस्त करताना ‘अमुक तारखेस दर चुकीचा छापला होता, तो दुरुस्त केला आहे’ असे एक वाक्य तेथेच लिहावे. त्या एका वाक्याने त्याची पत कमी होणार नाही, उलट वाढेल.

या सर्वांस वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा, असे व्यापारी म्हणेल. त्याचे म्हणणे रास्त आहे. परंतु तोच व्यापारी माल तोलण्यापूर्वी तराजूची दांडी समतोल आहे की नाही हे पाहतो, आणि तो वेळ वाया गेला असे मानीत नाही. लिहिलेला शब्द हाही तराजूच आहे. एका पारड्यात व्यापाऱ्याचे वचन असते, दुसऱ्यात गिऱ्हाइकाचा विश्वास. दूरच्या गावी, अपरात्री, एखादी गृहिणी किंवा एखादा शेतकरी ते वचन वाचून आपले कष्टाचे पैसे पाठवितो, त्या वेळी दांडी धरून उभे राहण्यास मालक तेथे नसतो. ती सरळ आहे की नाही हे त्याने आधीच पाहून ठेवलेले असावे, इतकेच मागणे आहे.